हातबदलाची फेरी

बाई धावत आल्या तेव्हा टर्नरआजोबा हॉलच्या मधोमध गुडघे टेकून प्लायवुडच्या कडेवर रंधा मारत होते.

शाळांच्या रोबोट स्पर्धेचं मैदान म्हणजे आठ फूट लांब, आठ फूट रुंद अशी एक फळी. तिच्यावर एक चढ, एक अवघड वळण आणि कोपऱ्यात तीन खोकी. मुलांनी बनवलेल्या रोबोटने, कुणीही हात न लावता, लाल, पिवळा आणि हिरवा चेंडू उचलून ज्याच्या त्याच्या खोक्यात टाकायचा. सांगायला एवढंच. पण फळीचा सांधा केसभर वर राहिला तर चाक अडतं आणि पोरांची चार महिन्यांची मेहनत तिथेच मान टाकते. चाळीस वर्षं लेथवर लोखंड कातलेल्या आजोबांना केसभर म्हणजे किती ते बोटाच्या टोकाने कळायचं. म्हणून फळी दरवर्षी त्यांच्याकडे. आणि फळीबरोबर, का कोण जाणे, तिघांच्या समितीतली एक खुर्चीही.

"काका, रंधा ठेवा खाली," विज्ञानाच्या बाई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "ते हो म्हणाले."

"कोण?"

"मोटारींची कंपनी. आपल्या रोबोटांत असतात ना, त्या छोट्या मोटारी बनवणारी. तीन वर्षं सगळं देणार. मोटारी, बॅटऱ्या, हॉल, बक्षिसं. सगळं."

आजोबांनी रंधा खाली ठेवला. बाईंना आनंदाचं भरतं आलं होतं आणि ते यायलाच हवं होतं. गेल्या वर्षापर्यंत स्पर्धेचा भार रंगाचे दुकानदार उचलायचे. ते दुकान बंद करून लेकीकडे राहायला गेले आणि स्पर्धा पोरकी झाली. बाईंनी चौदा ठिकाणी पत्रं लिहिली. बारा ठिकाणांहून उत्तर नाही. एका ठिकाणाहून भिंतीवरचं कॅलेंडर आलं. चौदावं पत्र हे.

समितीतले तिसरे, हॉलचे सेक्रेटरी, चष्मा पुसत आले आणि त्यांनी बाईंच्या हातातला कागद घेतला. सेक्रेटरी कुठलाही कागद खालून वर वाचायचे. विंचवाचा काटा शेपटीत असतो, असं त्यांचं म्हणणं.

"सापडला," ते म्हणाले.

"काय?"

"काटा. ऐका. सर्व संघांनी केवळ कंपनीचाच प्लॅटफॉर्म वापरावा."

बाईंनी कागद परत ओढून घेतला. त्यांनी ती ओळ वाचली नव्हती असं नाही, पण आनंदाच्या भरात ती डोळ्यांवरून नुसती घसरून गेली होती.

रोबोटला काय करायचं ते कॉम्प्युटरवर लिहून सांगावं लागतं. ते ज्यावर लिहायचं तो प्लॅटफॉर्म. तीसपैकी बावीस संघ काळ्या पडद्यावर लिहायचे. खरं नाव वेगळंच होतं, पण काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टाइप करायची म्हणून मुलांनी हे नाव पाडलं होतं. तो फुकट मिळायचा आणि जुन्यापान्या कॉम्प्युटरवरही चालायचा. शिकायला मात्र घाम काढायचा. कंपनीचं प्रकरण दिसायला देखणं. रंगीत ठोकळे एकाखाली एक लावत जायचे, की रोबोट हलला.

"बावीस संघांना सगळं पहिल्यापासून करावं लागेल," सेक्रेटरी म्हणाले. "माझं मत नाही."

"आणि कंपनी गेली तर बावीस काय, एकही संघ उरणार नाही," बाई म्हणाल्या. "माझं मत हो."

दोघांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी रंध्यात अडकलेली ढलपी काढली, बोटांत चुरली आणि म्हणाले, "म्हणजे घोडं माझ्या दारात येऊन अडलं."

*

घरात त्याहून मोठं घोडं बसलेलं होतं.

नातीला सगळे ठिणगी म्हणायचे. लहानपणी ती आजोबांच्या धार लावायच्या चाकासमोर बसून उडणाऱ्या ठिणग्या मोजायची, तेव्हापासून. आता दहावीत होती, आणि स्पर्धा दहावीपर्यंतच. पहिल्या वर्षी तिच्या रोबोटची बॅटरी शेवटच्या वळणावर बसली. दुसऱ्या वर्षी लाल चेंडू खोक्याच्या काठावर अडून राहिला, आत पडला नाही, बाहेरही पडला नाही. हे तिसरं आणि शेवटचं वर्ष. रोबोटचं नाव कासव. चार महिने ती, मोजपट्टी नावाची तिची मैत्रीण आणि लांब्या असे तिघं कासवाला काळ्या पडद्यावर शिकवत होते.

आजोबांनी चपला काढायच्या आत तिने विचारलं, "मोटारी कोणत्या देणार? नव्या? चाक किती फिरलं ते मोजणाऱ्या?"

"तुला कुणी सांगितलं?"

"बाईंनी लांब्याच्या आईला सांगितलं. म्हणजे सगळ्यांना सांगितलं." ती खुर्चीच्या पाठीवर बसली होती, पाय हलवत. "आजोबा, तसल्या मोटारी मिळाल्या तर कासव डोळे मिटून वळेल."

"अट ऐकलीस का?"

पाय थांबले. "ऐकली."

"मग?"

"मग काय. कासव काळ्या पडद्यावरच वाढलंय. ठोकळ्यांवर नेलं तर त्याला रांगायपासून शिकवावं लागेल. दोन महिन्यांत नाही होणार." ती थोडा वेळ नखं कुरतडत राहिली. "पण आजोबा, तुम्ही माझ्याकडे बघून मत द्यायचं नाही."

"मी कुठे बघतोय."

"आत्ता बघताय."

आजोबांनी भिंतीकडे पाहिलं. "स्पर्धाच झाली नाही तर?"

"तेही माझ्याकडे बघणंच झालं," ती म्हणाली. "लोक म्हणतील, नातीसाठी केलं. मग जिंकून उपयोग काय?"

पोरीचं बोलणं खणखणीत होतं. आजोबांना राग आला नाही, उलट छाती दोन बोटं फुगली. पण डोक्यातला गुंता होता तसाच राहिला. ठोकळे भले की काळा पडदा, हे ज्याला दोन्हीतलं ओ की ठो कळत नाही त्याने कसं ठरवायचं?

सकाळी दाढी करताना त्यांना भोंगा आठवला.

कारखान्यात पहिली पाळी सुटायचा भोंगा झाला की हातातलं काम असेल तिथे सोडावं लागायचं. जॉब, म्हणजे कातायचा लोखंडी तुकडा, लेथवर अर्धा कातलेला. पहिल्या पाळीचा माणूस त्याच्यावर खडूने दोन खुणा करायचा, इथपर्यंत झालं, इथे जपून. दुसऱ्या पाळीचा यायचा तेव्हा पहिला रस्त्याला लागलेला असायचा. विचारायला कुणी नाही. तो खुणा बघायचा, जॉबवरून बोट फिरवायचा आणि पुढे कातायला लागायचा. नवीन मशीन आलं की फोरमन ते पहिल्यांदा असंच पारखायचा. एकाने सुरू करायचं, दुसऱ्याने मुकाट पुरं करायचं. ज्याच्यावरचं अर्धं काम दुसऱ्याला उचलता येत नाही, ते मशीन कितीही चकचकीत असो, फोरमन त्याच्याकडे पाठ फिरवायचा.

आजोबा अर्ध्या दाढीनेच फोनकडे गेले.

*

शनिवारी सकाळी हॉलमध्ये दोन फळ्या मांडल्या. कंपनीकडून एक तरुणी आली होती. सहा महिने झाले होते तिला नोकरीला लागून, आणि चालताना तिच्या पायांना भिंगरी होती. आल्याआल्या तिने फळीचा सांधा बोटाने चाचपला आणि म्हणाली, "हा कुणी केला? आमच्या वेळी इथे चाक अडायचं." मुलांनी लगेच तिला ताई करून टाकलं. ती स्वतः शाळेत असताना अशाच स्पर्धेत उतरली होती. हातबदलाची परीक्षा ऐकून ती म्हणाली, "झकास. आमचे ठोकळे बनवणाऱ्यांनी असं कधी करून बघितलं नसेल."

एका फळीवर ठिणगीचे तिघं, कासव आणि काळा पडदा. दुसरीवर निळे शर्टवाले. मोठ्या शाळेचा संघ हा, ठोकळ्यांवर दोन वर्षं तयार झालेला. त्यांचा कॅप्टन कायम हात पाठीमागे बांधून उभा राहायचा, त्यामुळे तो पन्नाशीचा वाटायचा.

आजोबांनी दोन्ही फळ्यांवर मधोमध एकेक लाकडी खुंटी ठोकली. "ही आज नवीन. हिला वळसा घालून तिन्ही चेंडू पोचवायचे. तासभर काम करायचं. घंटा वाजली की जागा बदलायची. यांचं अर्धं काम त्यांनी पुरं करायचं, त्यांचं यांनी. चाळीस मिनिटं. एका संघाने दुसऱ्या संघाशी अक्षर बोलायचं नाही. जे सांगायचं ते कामातच सांगून ठेवायचं." त्यांनी दोन्ही संघांच्या हातावर एकेक खडू ठेवला. "फळीवर खूण केलेली चालेल."

तास कसा गेला कळलं नाही. मोजपट्टी फळीवर आडवी पडून वळणाचं माप घेत होती, लांब्या चेंडू परत आणायला पळत होता, ठिणगी टाइप करता करता स्वतःशी भांडत होती. निळ्यांचं काम शिस्तीत. ठोकळा लावला, रोबोट पळवला, वहीत लिहिलं.

आजोबांनी घंटा वाजवली.

निळे उठले. त्यांच्या शाळेचा नियम होता, उठताना कॉम्प्युटरचं लॉगिन बंद करायचं आणि खुर्ची आत सरकवायची. त्यांनी लॉगिन बंद केलं, खुर्च्या आत सरकवल्या आणि काळ्या पडद्याकडे गेले. ठिणगीचे तिघं रंगीत पडद्यासमोर येऊन बसले.

पडद्यावर ठोकळे नव्हते. एक रिकामी चौकट होती. पासवर्ड द्या.

लांब्याने कॅप्टनकडे पाहिलं. कॅप्टनने तोंड उघडलं आणि आजोबांचं वर झालेलं बोट बघून मिटलं.

"ताई," आजोबा म्हणाले, "आत कसं जायचं?"

ताई पुढे आली. दोन बटणं दाबली, मग आणखी दोन. "ते त्यांच्या नावाने आहे. दुसऱ्याला उघडत नाही." तिचा आवाज उतरला. "मी मदतकेंद्राला फोन करते." तिने केला. सगळ्यांना ऐकू आलं. आपण रांगेत सातव्या आहात.

"लांब रांग दिसते," सेक्रेटरी म्हणाले. "सगळ्यांनीच खुर्च्या आत सरकवल्या असणार."

तिकडे काळ्या पडद्यावर वेगळीच गंमत. कुलूप नव्हतं, पण आत चार फाइली होत्या. पहिलीचं नाव शेवटचं. दुसरी खरं शेवटचं. तिसरी आता नक्की शेवटचं. चौथी लांब्याने हात लावू नये.

निळ्यांनी आपसांत खुसफुस केली आणि तिसरी उघडून कासव सोडलं. कासव सरळ निघालं, खुंटीला धडकलं, रागावल्यासारखं मागे फिरलं, फळीवरून खाली उतरलं आणि सेक्रेटरींच्या दिशेने चाललं. सेक्रेटरींनी दोन्ही पाय वर घेतले. कासव खुर्चीखालून पलीकडे गेलं.

ठिणगीने कपाळावर हात मारला. कान लाल झाले होते तिचे.

मग निळ्यांच्या कॅप्टनने चौथी फाइल उघडली. पांढऱ्या अक्षरांत मध्येमध्ये साध्या बोलीतल्या ओळी होत्या, ठिणगीने स्वतःसाठी लिहून ठेवलेल्या. तो पडद्याच्या इतका जवळ गेला की नाक टेकायचं बाकी राहिलं. काळ्या पडद्यावर त्याने आयुष्यात एक ओळ लिहिली नव्हती. त्याने एका ओळीवर बोट ठेवलं, फळीवरची खडूची खूण बघितली, पुन्हा पडदा बघितला. पाठीमागे बांधलेले हात कधी सुटले ते त्याचं त्यालाही कळलं नसावं. त्याने एकच आकडा बदलला. कासवाने खुंटीला वळसा घातला आणि लाल चेंडू खोक्यात टाकला. थोड्या वेळाने पिवळा. हिरवा काही त्यांना जमला नाही, पण निळे शर्ट पहिल्यांदाच चुरगळलेले दिसत होते आणि मुलं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती.

आणि ठिणगी? मदतकेंद्राच्या रांगेत ताई अजून चौथी होती. घंटेला पंधरा मिनिटं उरली होती. ठिणगीने मोजपट्टीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि पासवर्ड न लागणारं नवीन, कोरं पान उघडलं. ठोकळ्यांना तिने कधी हात लावला नव्हता. पहिली दोन मिनिटं ती नुसती बघत बसली. मग एक ठोकळा ओढला. त्याखाली दुसरा. "अगं, हे तर चिकटतंच आपोआप," ती म्हणाली. लांब्यानेही ठोकळे लावले, ज्याला घरच्या संघाने फाइलीला हात लावायची बंदी केली होती त्या लांब्याने. घंटा व्हायला मिनिटभर असताना निळ्यांच्या रोबोटने खुंटीला वळसा घालून लाल चेंडू खोक्यात टाकला.

आजोबांनी घंटा वाजवली, पण ती कुणी ऐकली नाही. सगळे एकदम बोलत होते.

*

"ते कुलूप मीच मागितलं होतं," ताई म्हणाली. ती फळीच्या काठावर बसली होती. "नोकरीत आल्यावर पहिली मागणी माझी. मी नववीत असताना स्पर्धेच्या आदल्या दिवशी कुणीतरी आमचं काम उचललं. दुसऱ्या दिवशी समोर बघते तर माझंच वळण, त्यांच्या रोबोटच्या अंगात."

आजोबांनी मान हलवली. असली जखम त्यांना माहीत होती. "कारखान्यात आमच्याही हत्यारांच्या पेट्यांना कुलपं असायची. प्रत्येकाचं वेगळं. लावायलाच हवीत. पण पोरी, जॉब मशीनवरच राहायचा. पेटीला कुलूप, जॉबला नाही. पाळीवर येणाऱ्याने काय, कुलपाला तेल घालत बसायचं?"

ताई हसली नाही. ती विचार करत होती. "म्हणजे संघाने ठरवलं तर एका दिवसापुरती चावी दुसऱ्याला द्यायची. बाकी कुलूप तसंच." ती उठून उभी राहिली. "हे करता येईल. अवघडसुद्धा नाही. आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं."

"आता तुमचं मत, काका," बाई म्हणाल्या.

मध्येच ठिणगी पुढे आली. "मला एक सांगायचंय. नव्या संघांना ठोकळेच द्या. मला काळ्या पडद्यावर पहिला चेंडू टाकायला तीन आठवडे लागले होते. आज बारा मिनिटं." एवढं बोलून ती मागे सरकली आणि फळीवरच्या खुंटीकडे बघत उभी राहिली. आजोबांकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

आजोबांनी घसा साफ केला. "कंपनी हवी. ठोकळे हवेत. काळा पडदाही राहील, ज्याचा हात ज्याच्यावर बसलाय तो त्याचा. चावी करून द्यायची. आणि आज खेळलो ती फेरी दरवर्षी खेळायची."

"म्हणजे पत्रातली अट मोडली," सेक्रेटरी म्हणाले.

"मोडली."

"आणि कंपनी उठून गेली तर?"

तर स्पर्धा नाही. ठिणगीचं शेवटचं वर्ष नाही. कासव माळ्यावर. पण फोरमनने पाठ फिरवलेल्या मशीनवर सही करायला ते शिकले नव्हते.

"तर गेली," ते म्हणाले.

ताईने फोन घेतला आणि ती पायऱ्यांवर गेली. दार काचेचं होतं. सगळे काम असल्याचं सोंग करत काचेतून बघत होते. ती आधी उभी राहून बोलली, मग फेऱ्या मारत बोलली, मग एका हाताने हवेत वळसा काढून दाखवू लागली.

"फोनवर हात कुणाला दाखवतेय?" लांब्या कुजबुजला.

"दाखवू दे," मोजपट्टी म्हणाली. "वळण सांगतेय."

बऱ्याच वेळाने ती आत आली. "साहेब म्हणतात, तीन वर्षं नाही. एकच वर्ष. बघू म्हणाले."

बाईंनी खुर्चीची पाठ धरली.

"पण यंदा होणार," ती म्हणाली. "दोन्ही प्लॅटफॉर्म. मोटारी सगळ्या तीस संघांना. चावी महिन्याभरात. आणि त्यांनी विचारलं, ही फेरी कुणी काढली. मी म्हटलं, एका टर्नरने. तर म्हणाले, फेरीला कंपनीचं नाव द्या."

बाई मटकन खुर्चीत बसल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसायला लागल्या. लांब्याने निळ्यांच्या कॅप्टनला मिठी मारली. ते अंगवळणी नसल्यामुळे कॅप्टन ताठ उभा राहिला, मग त्यानेही मारली.

"लेखी येऊ द्या," सेक्रेटरी म्हणाले. "मी खालून वाचेन." पण तेही हसत होते.

*

हॉल रिकामा झाला तरी ठिणगी काळ्या पडद्यासमोर बसून होती. आजोबा फळीचे स्क्रू काढून डब्यात टाकत होते.

"चल आता. जिंकल्यासारखी जिंकलीस."

"कुठे जिंकले. अब्रू गेली माझी. शेवटचं, खरं शेवटचं, आता नक्की शेवटचं." तिने दोन फाइली उडवल्या. "निळ्यांनी ते वाचलं, आजोबा. त्यांनी तरी दोन चेंडू टाकले. उद्या फेरीत आमचं अर्धं काम कुणाच्या हातात जाईल माहीत नाही. आमच्या मागून येणाऱ्याला कळलं नाही तर दोष आमचाच."

"बरोबर."

"म्हणून परत लिहितेय. सगळं, ओळीओळीला खूण करून. बसा इथे. तुम्हाला कळतं का बघू."

आजोबा बसले. पांढऱ्या अक्षरांच्या मुंग्या काळ्यावर रांगेने चालल्या होत्या. ठिणगी वाचत गेली, आजोबा मान हलवत गेले. एक अक्षर डोक्यात शिरत नव्हतं. मग एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं.

"हे काय म्हणतंय? हळू वाच."

"इथे डावं चाक घसरतं. आधी थांब, मग वळ."

"हे कळलं मला," आजोबा म्हणाले.

ठिणगीने त्यांच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "मग बाकीचंही असंच लिहिते," म्हणाली आणि तिने खुर्ची पुढे ओढली.